पापुद्रा आणि साल

पाककृतींच्या पुस्तकांत ‘सुलभ’ या विशेषणाचा वापर फार सढळ हाताने केलेला असतो. अमेरिकेत व युरोपात घरोघर होणारी दालचिनी-अक्रोडाची पापुद्रेदार बिस्किटे हे त्याचे नमुनेदार उदाहरण. अलीकडे आपल्याकडील मोठ्या शहरांतही पफ पेस्ट्रीची गोठवलेली तयार पोळी दुकानांतून मिळू लागल्यामुळे बदलीच्या गावी संसार मांडून बसलेल्या आपल्यापैकी काही घरांतही ही बिस्किटे होऊ लागली आहेत. कृती एवढीच : तयार पोळी घडी उलगडण्याइतकी नरम होऊ द्यावी, तिच्यावर पातळ केलेल्या लोण्याचा हात फिरवावा, साखर व दालचिनीची पूड भुरभुरावी, अक्रोडाचे बारीक तुकडे पसरून लाटण्याने हलकेच दाबावे, पोळीची गुंडाळी करून ती पुन्हा थंड करावी, मग धारदार सुरीने बोटभर जाडीच्या चकत्या पाडून सुमारे 200 अंशांच्या ओव्हनमध्ये सोनेरी होईपर्यंत भाजाव्यात. तासाभरात बशी भरते. पाहुण्यांनी ‘हे कसे हो केलेत?’ असे विचारावे आणि गृहिणीने ‘काही नाही, अगदी सोपे आहे’ असे उत्तर द्यावे, इतका हा प्रकार सोपा आहे.

तो सोपा झाला कसा, हा मात्र इतिहासाचा प्रश्न आहे. या बिस्किटात दोन वस्तू मुख्य. एक पिठाचा पापुद्रा आणि दुसरी झाडाची साल. दोन्ही कागदाहून पातळ, आणि दोन्ही निर्माण करण्याचे काम अतिशय किचकट. ते काम कोणीतरी आधीच करून ठेवलेले असते, म्हणूनच आपल्या वाट्याला फक्त सुलभता येते. ते करणारे कोण होते, आणि त्यांच्या श्रमांची नोंद कोठे सापडते, याचा शोध घेऊ लागले म्हणजे एका बशीतल्या बिस्किटांवरून माणूस कोठल्या कोठे जाऊन पोचतो.

प्रथम पापुद्र्याचा विचार करू. पफ पेस्ट्रीच्या जन्माची एक गोड कथा युरोपात प्रचलित आहे. सतराव्या शतकातील विख्यात निसर्गचित्रकार क्लोद जले, ज्याला जग क्लोद लोरँ या नावाने ओळखते, हा लहानपणी म्हणे एका मिठाईवाल्याकडे उमेदवारी करीत होता. वडील आजारी, वैद्याने पीठ, पाणी आणि लोणी एवढाच आहार सांगितलेला. तेव्हा मुलाने कणकेत लोणी घालून घड्या घातल्या, पोळी लाटली आणि भाजायला ठेवली, ती अशी फुगली की सारे थक्क झाले. कथा चांगली आहे. क्लोदचा स्नेही सांद्रार्ट याने त्याच्या मिठाईवाल्याकडील उमेदवारीचा उल्लेख केलेला आहे, त्यामुळे तिला थोडा आधारही मिळतो. परंतु क्लोदचा जन्म 1600 च्या सुमाराचा, आणि त्याच्या आईवडिलांचे छत्र तो लहान असतानाच हरपले. उलट सालामांका विद्यापीठातील एका महाविद्यालयाचा मुख्य स्वयंपाकी दोमिंगो एर्नांदेस दे मासेरास याने 1607 मध्ये छापलेल्या पुस्तकात आणि स्पेनच्या राजाचा मुदपाकप्रमुख फ्रान्सिस्को मार्तीनेस मोतिन्यो याने 1611 मधील आपल्या ग्रंथात पापुद्र्याच्या पक्वान्नांच्या कृती दिलेल्या आहेत. एखादे पक्वान्न छापील पुस्तकात यायला आधी ते स्वयंपाकघरात बराच काळ मुरावे लागते. तेव्हा क्लोदने चित्रे उत्तम काढली, एवढ्यावरच आपण समाधान मानावे हे बरे.

स्पॅनिश भाषेत या प्रकाराला ‘ओहाल्द्रे’ म्हणतात. त्याचे मूळ पान या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. आता तेराव्या शतकातील मुसलमानी स्पेनमधला एक अरबी पाकग्रंथ पाहा. त्याच्या कर्त्याचे नाव उपलब्ध नाही. त्यात ‘मुवर्रका’ नावाचा एक प्रकार आहे : कणीक पातळ ताणायची, तिच्यावर पातळ केलेले लोणी किंवा चरबी लावायची, गुंडाळायची, दाबायची आणि भाजायची. ‘मुवर्रका’ म्हणजे पानापानांची. अरबीतील ‘वरक’ म्हणजे पान, आणि आपल्या बर्फीवरचा चांदीचा वरख तो हाच शब्द. अरबीने ज्याला पान म्हटले त्याला स्पॅनिशने पान म्हटले, आणि पुढे फ्रेंचांनीही ‘फय्येते’ म्हणजे पानापानांची असेच नाव दिले. या साम्यावरून एकाने दुसऱ्याचे उचलले असे शपथेवर सांगता येणार नाही. पण एकाच भूमीवर शतकानुशतके शेजारी राहिलेल्या लोकांच्या चुलींमध्ये देवाणघेवाण झाली नसेल, असे मानणे त्याहून अवघड आहे.

इंग्लंडमध्ये गर्व्हेस मार्कम याने 1615 साली गृहिणींसाठी जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातली रीत वाचताना मराठी वाचकाला घरी आल्यासारखे वाटेल. पीठ अंड्यात मळावे, त्याची पातळ पोळी लाटावी, तिच्यावर थंड लोणी पसरावे, वर दुसरी पोळी ठेवावी, पुन्हा लोणी, पुन्हा पोळी, असे थरावर थर चढवीत जावे. हे आपले चिरोटेच! आपण तूप फेसून त्यात तांदळाची पिठी घालतो, हा साटा पोळीवर लावून पोळ्या एकावर एक रचतो, गुंडाळी करून तुकडे पाडतो आणि हलक्या हाताने लाटून तुपात सोडतो. पिठी तुपाला धरून ठेवते, तूप दोन पोळ्यांना एकमेकींना चिकटू देत नाही, आणि कढईत पडताच पापुद्रे सुटतात. मार्कमला चिरोटे ठाऊक नव्हते, आणि आपल्या आजीपणजींना मार्कम ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पीठ आणि स्निग्ध पदार्थ यांचा स्वभाव सर्वत्र एकच असल्यामुळे ज्यांनी ज्यांनी धीर धरला त्यांना त्यांना तो कळला, असेच म्हणावे लागते.

फ्रेंचांनी यात भर घातली ती घडीची. मार्क्विस द्युक्सेल याच्या पदरी असलेल्या ला वारेन या स्वयंपाक्याचे पुस्तक 1651 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आणि दोनच वर्षांनी निघालेल्या मिठाईवरील एका निनावी पुस्तकात लोण्यासकट कणीक लाटून, घडी घालून, पुन्हा लाटण्याची रीत व्यवस्थित सांगितलेली आढळते. या दुसऱ्या पुस्तकाची 1655 ची ॲम्स्टरडॅम येथील आवृत्ती पुढे ग्रंथसंग्राहकांत इतकी दुर्मिळ ठरली की तिच्यासाठी लोक वेडे झाले. स्वयंपाकघरातले पुस्तक तुपाचे हात लागून झिजते आणि अखेरीस शेगडी पेटवायला जाते, दुसरे काय! पुढे 1815 मध्ये पॅरिसच्या कारेम याने मिठाईशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहून या कलेला जवळजवळ वास्तुशास्त्राची शिस्त आणली.

ही घडी म्हणजे साधा गुणाकार आहे. लोण्याची वडी कणकेत गुंडाळून लाटायची आणि पत्राच्या कागदासारखी तीन पदरांत दुमडायची. लोण्याचे तीन थर झाले. पुन्हा लाटून दुमडली की नऊ, मग सत्तावीस, एक्याऐंशी, दोनशे त्रेचाळीस, आणि सहाव्या घडीला सातशे एकोणतीस. दोन घड्यांनंतर कणकेला थंड जागी विश्रांती द्यावी लागते. नाहीतर मळून ताठलेली कणीक लाटण्याखालून मागे सरकते, लोणी वितळते आणि थर एकमेकांत मिसळून साधी खुसखुशीत पोळी होते. सहा घड्या पुऱ्या झाल्यावर काही मिलिमीटर जाडीच्या त्या पोळीत एकेक थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. ओव्हनमध्ये गेल्यावर कणकेतल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे-सतराशे पट जागा लागते; लोणी तिला सहजी बाहेर पडू देत नाही, म्हणून ती थर उचलून धरते, आणि तोवर पीठ भाजून घट्ट झालेले असते. यात यीस्ट नाही, सोडा नाही. केवळ पाणी, लोणी आणि मनगट.

त्या मनगटाचा विचार कोणी फारसा करीत नाही. कारेमचे नाव राहिले. पहाटे तळघरात, बर्फाच्या लाद्यांशेजारी उभे राहून लाटणारी जी पोरे होती त्यांची नावे राहिली नाहीत. पुढे 1869 मध्ये मेज-मूरिए या फ्रेंच रसायनज्ञाने लोण्याला पर्याय म्हणून मार्गारिन तयार केले. पेस्ट्रीसाठी मुद्दाम बनवलेले कडक मार्गारिन उन्हाळ्यातही लवकर वितळत नसल्यामुळे काम पुष्कळ हलके झाले, चव मात्र गेली. आपल्या मुंबई-पुण्याच्या बेकऱ्यांतली खारी याच वंशातली. चहात बुडवताना जिचे पापुद्रे बशीत गळतात आणि जिच्या चुऱ्याने सकाळचे वर्तमानपत्र माखते, ती खारी म्हणजे फ्रेंच पेस्ट्रीने वनस्पती तुपाशी केलेला संसार होय. दिल्ली किंवा कलकत्त्यात राहून तिची आठवण न होणारा मराठी माणूस मला तरी अद्याप भेटलेला नाही. मग लाटणारी यंत्रे आली, घरोघर शीतपेट्या आल्या, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सहा घड्यांची मेहनत गोठवून डब्यात विकली जाऊ लागली. पापुद्र्याची सुलभता ती ही.

सालीची हकीकत इतकी निरुपद्रवी नाही.

दालचिनी हा शब्द फारसी ‘दार-ए-चिनी’ म्हणजे चिनी लाकूड यावरून आला. व्यापारी जिकडून आणतो म्हणून सांगेल तो त्या मालाचा देश, असा तो काळ होता. हिरोडोटसने तर इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे की, अरबस्तानात मोठमोठे पक्षी दालचिनीच्या काड्यांची घरटी कड्यांवर बांधतात. लोक खाली मांसाचे मोठे तुकडे ठेवतात, पक्षी ते घरट्यात नेतात, भाराने घरटी कोसळतात, आणि मग काड्या गोळा करतात. पाचशे वर्षांनी रोमच्या प्लिनीने या कथा किंमत वाढवण्यासाठी रचलेल्या आहेत असे सरळ सांगून टाकले. व्यापारी आपला माल कोठून आणतो हे खरे सांगत नाही, ही गोष्ट प्लिनीला कळली होती.

खरी दालचिनी प्रामुख्याने सिंहलद्वीपाची. पोर्तुगीज तेथे सोळाव्या शतकाच्या आरंभी पोचले आणि 1518 मध्ये त्यांनी कोलंबोला किल्ला बांधायला घेतला. कोट्टेच्या राजाकडून खंडणी घ्यायची ती दालचिनीच्या रूपाने, असा त्यांचा व्यवहार. त्यांना हुसकावण्यासाठी कँडीचा राजा दुसरा राजसिंह याने 1638 मध्ये डचांशी तह केला. डचांनी 1656 मध्ये कोलंबो जिंकले, आणि ते राजाच्या स्वाधीन करण्याऐवजी आपल्याकडेच ठेवले. आले देऊन मिरची घेतली, अशी एक म्हण सिंहली भाषेत या प्रसंगाला लावतात. आपण आगीतून फुफाट्यात म्हणतो.

हे डच महाराष्ट्राला अपरिचित नव्हते. आपले जुने कागद त्यांना वलंदेज म्हणतात. वेंगुर्ल्यास 1637 पासून त्यांची वखार होती, आणि तिची पडकी इमारत अद्याप उभी आहे. टोपीकर व्यापाऱ्यांपासून सावध राहावे, त्यांना राज्यलोभ आहे, असा इशारा आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी दिलेला आहे, आणि त्या टोपीकरांच्या यादीत वलंदेजही आहेत. पंतांनी हे लिहिले तेव्हा समुद्रापलीकडे सिंहलद्वीपात वलंदेजांचा अंमल पक्का झालेला होता.

त्या अंमलाचा पाया कागदावर होता. जंगलातून दालचिनी सोलून आणण्याचे काम सिंहली समाजात सलागम या जातीकडे असे. राजाची चाकरी म्हणून ते आधीपासून चालत आले होते. पोर्तुगीजांनी तिची सक्ती वाढवली आणि डचांनी तिला खाते बनवले. या खात्याचे नाव ‘महाबद्द’, म्हणजे मोठा कर. त्यावर एक युरोपीय कप्तान, त्याच्या हाताखाली देशी अंमलदार, आणि सर्वांच्या खाली सोलणारा. ‘तोंबो’ नावाच्या नोंदवह्यांत गावोगावच्या जमिनी व माणसे लिहिली जात. सलागम मुलगा बारा वर्षांचा झाला की त्याच्या नावावर ठरावीक वजनाची दालचिनी चढे, आणि वय वाढत जाई तसे वजन वाढे. पावसाळ्यात साल सुटते, म्हणून ऐन पावसात हे लोक जंगलात जात. तेथे ताप, जंगली जनावरे, आणि कँडीच्या राजाशी बिघाड झाला असेल तर त्याचे सैनिक. झाड तोडणे, माल चोरून विकणे यांना देहान्तापर्यंतची शिक्षा होती. आईबापांनी मुलाचे नाव दुसऱ्या जातीत लिहवून घेण्याचे प्रयत्न केले, आणि कंपनीने ते रोखण्यासाठी हुकूम काढले.

माझ्यासारख्या ज्याचा दिवस नोंदवह्यांत जातो त्याला येथे थोडे थांबावेसे वाटते. बाराव्या वर्षी एखाद्या मुलाचे नाव वहीत लिहिणारा तो कोणी कारकूनच असणार. त्याने लेखणी शाईत बुडवली, वय विचारले, रकाना भरला आणि पुढचे नाव पुकारले. तो दुष्ट असेल असे मला वाटत नाही. बहुधा अक्षराबद्दल आणि बेरजेबद्दल तो काळजी घेणारा असेल. आणि गंमत अशी, गंमत हा शब्द येथे योग्य नाही तरी लिहितो, की सलागमांच्या पोरांची नावे आज सापडतात ती त्याच्या वहीमुळेच. पॅरिसच्या तळघरातील लाटणाऱ्या पोरांना तेवढेही भाग्य लाभले नाही. कोलंबोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हे तोंबो जपून ठेवलेले आहेत, आणि डच ईस्ट इंडिया कंपनीचे दप्तर 2003 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या नोंदणीत समाविष्ट झाले. जुलमाची इतकी नीटनेटकी साक्ष जगात फार थोड्या ठिकाणी उरली असेल.

एवढ्या कष्टाने आणलेल्या या सालीचे पुढे काय होई? भाव पडू नये म्हणून 1760 मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये दालचिनीचा मोठा ढीग जाळण्यात आला. वाल्मों द बोमार हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ त्या वेळी तेथे हजर होता, आणि त्याने ते लिहून ठेवले. त्याच वर्षी सिंहलद्वीपात बंड पेटले. त्यातून कँडीशी युद्ध जुंपले ते 1766 च्या तहापर्यंत चालले. जंगलातील दालचिनी आता भरवशाची राहिली नाही हे ओळखून गव्हर्नर फाल्क याच्या कारकिर्दीत कोलंबोजवळ तिच्या बागा लावण्यात आल्या. इंग्रजांनी 1796 मध्ये हा मुलूख घेतला तेव्हा त्यांनी खाते, बागा आणि वह्या सगळेच आयते घेतले. सक्तीची चाकरी 1832 मध्ये आणि सरकारी मक्ता 1833 मध्ये उठला. तोवर जावा वगैरे ठिकाणीही लागवड झालेली होती, भाव उतरला, आणि जी दालचिनी राजेरजवाड्यांच्या ताटात होती ती सामान्य माणसाच्या बिस्किटावर येऊन पडली.

बिस्किटाला अमेरिकेत जो ‘कुकी’ शब्द आहे तोही डचांचाच. त्यांच्या भाषेत लहान केकला ‘कूक्ये’ म्हणतात. हडसन नदीच्या मुखाशी असलेली त्यांची न्यू ॲम्स्टरडॅम ही वसाहत 1664 मध्ये इंग्रजांनी घेऊन तिचे नाव न्यूयॉर्क केले, पण हा शब्द मागे राहिला. पूर्वेकडे दालचिनीची वखार आणि पश्चिमेकडे बिस्किटाचा शब्द, अशी दोन्ही टोके एकाच चिमुकल्या देशाच्या हाती एकाच शतकात होती.

आपल्या बाजारात आज दालचिनी म्हणून जे मिळते ते बहुतांशी कॅसिया असते, म्हणजे चीन, व्हिएतनाम, इंडोनेशिया येथील दुसऱ्या जातीची साल. ती जाड, टणक, एकाच पदराची आणि तिखट. मसालेभाताला ती चालते. सिंहली दालचिनीची कांडी विडीसारखी पानापानांची असते, बोटांनी चुरडते आणि चवीला सौम्य गोड लागते. बिस्किटासाठी हीच घ्यावी. कांडीचे टोक पाहिले की आत पातळ सालींचे थर एकात एक गुंडाळलेले दिसतात. थेट पफ पेस्ट्रीच्या चकतीसारखे. युरोपीय संघाने 2022 मध्ये ‘सिलोन दालचिनी’ या नावाला भौगोलिक संरक्षण दिले, त्यामुळे त्या बाजारपेठेत तरी हे नाव दुसऱ्या सालीला लावता येत नाही.

ही कांडी तयार करणारी माणसे आजही गॉल, मातर, अंबलंगोड या भागांत पाय पसरून जमिनीवर बसतात. फांदीची वरची खरबरीत त्वचा खरवडून काढायची, पितळी दांड्याने घासून आतली साल सैल करायची, दोन उभ्या चिरा देऊन ती न फाटता अखंड उतरवायची, लहान तुकडे मोठ्या सालीच्या पोटात भरायचे आणि बेचाळीस इंचांची कांडी जोडून सावलीत दोरीवर वाळत टाकायची. आता त्यांची नावे सक्तीच्या वहीत चढत नाहीत. अनेक ठिकाणी मळेवाल्याशी विकलेल्या मालाच्या वाट्यावर ठराव असतो. मुले शिकून शहरात नोकरीला जातात, सोलणारे हात मिळत नाहीत अशी मळेवाल्यांची तक्रार असते. यंत्रे करून पाहण्यात आली आहेत. चांगली साल अजून हातानेच निघते.